पाठमोरे नावाडी

२४ मे १८६९. अमेरिकेतल्या ग्रीन नदीवरून दहा माणसे चार होड्या घेऊन कोलोराडोच्या अफाट दरीकडे निघाली. म्होरक्या जॉन वेस्ली पॉवेल. उजवा हात लढाईत गेलेला. सोबत भाऊ, शिकारी, माजी शिपाई. नदीच्या असल्या खळाळाची सवय मात्र कोणालाच नव्हती.

आणि वल्हवायचे कसे? तळ्यातल्यासारखे, पाठ पुढे करून! धोंडा कळायचा तो आदळल्यावर. म्हणून पॉवेल पुढच्या होडीतून खूण करी. जूनमध्ये एका होडीला किनारा वेळेवर गाठता आला नाही. होडी फुटली, माणसे वाचली, शिधा बुडाला.

एक जण जुलैतच परतला. २८ ऑगस्टला पुढचा खळाळ पाहून तिघे दरी चढून गेले आणि वर मारले गेले. त्यांना भित्रे म्हणवत नाही; उपाशी माणसाने आणखी किती बुडायचे? दोनच दिवसांनी उरलेले सहा जण सुखरूप बाहेर पडले.

होडीत तोंड प्रवाहाकडे करून बसावे आणि उलटे वल्हवून वेग आवरावा, ही साधी युक्ती नॅथॅनिएल गॅलोवे या शिकाऱ्याने त्या नद्यांवर रूढ केली, तीही १८९० नंतर.