जीपचा पुढचा ॲक्सल: एका सांध्याचा इतिहास आणि घरची तपासणी

आजचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं, असं काहींच्या मनात आलं असेल. कार्यावरून कारण कसं ओळखायचं हा प्रश्न आम्ही वर्गात बरीच वर्षं शिकवला, पण तो इतका उघडावाघडा दुसरीकडे क्वचितच दिसला. शिवाय इथे चुकीच्या अनुमानाला किंमत आहे. घाटात उतारावर पुढची चाकं थरथरायला लागली आणि स्टेअरिंग हातात राहीना, तर तर्कशास्त्राचं पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आधी मूळ अडचण बघू. साध्या जुन्या मोटारीत मागचा ॲक्सल ढकलतो, पुढचा वळतो. कामाची वाटणी स्वच्छ आहे. चारही चाकांना ताकद द्यायची म्हटलं की पुढच्या चाकाला दोन्ही कामं करावी लागतात, फिरायचं आणि वळायचंही. म्हणजे ताकद नेणारी दांडी चाकाजवळ वाकली पाहिजे, आणि वाकूनही फिरत राहिली पाहिजे.

वाकणारा सांधा जुनाच आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या कार्दानोचं नाव त्याला चिकटलं, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याच्यावर नीट लिहिलं. आपले मेकॅनिक त्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्याला एक खोड आहे. दांडी सरळ असेल तेव्हा ठीक. कोन आला की एका बाजूची गती एकसारखी असूनही दुसऱ्या बाजूची कमीजास्त होते, प्रत्येक फेऱ्यात दोनदा. कोन 25 अंशांचा असेल, तर वेग सुमारे 9 टक्क्यांनी पडतो आणि 10 टक्क्यांनी चढतो. मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, नीट बसवले की एकाची खोड दुसरा खाऊन टाकतो. पुढच्या चाकापाशी मात्र जागा एकाच सांध्याची. खोड खायला कुणी नाही. ती थेट टायरला आणि तिथून चालवणाऱ्याच्या मनगटाला पोचते.

यावरचे उपाय 1920 च्या दशकात निघाले. अमेरिकेत वाइस आणि रझेप्पा यांनी खोबणीत गोळ्या बसवून समान गतीचे सांधे केले. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांचा ट्रॅक्टा आला. मग 1940 उजाडलं. अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी 135 कंपन्यांना विचारलं आणि नमुना द्यायला दिवस दिले 49. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टच्या आराखड्यावरून 23 सप्टेंबरला नमुना हजर केला. नवा ॲक्सल घडवायला वेळच नव्हता, म्हणून स्पायसरकडचा स्टुडबेकर मोटारीचा ॲक्सल घेऊन त्यात फेरफार केले. लोक जीपला प्रतिभेचं अपत्य म्हणतात. आमच्या मते ती मुदतीचं अपत्य आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

पुढे विलीज आणि फोर्ड यांनी लाखांनी गाड्या काढल्या. एका प्रकारचे सांधे तेवढे मिळणं शक्य नव्हतं, म्हणून बेंडिक्स-वाइस, रझेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसरचा साधा क्रॉस असे चारही प्रकार वापरले गेले. बाहेरून ॲक्सल सारखाच, पोटात मात्र वेगळा. युद्धानंतर ही गाडी मुंबईत आली. माझगावला महिंद्रांनी आयात केलेले सुटे भाग जोडून ती उभी करायला सुरुवात केली, आणि त्याच घराण्याच्या गाड्या आपल्याकडे पुढे कितीतरी दशकं बनत राहिल्या. म्हणून हा इतिहास आपल्या अंगणात उभा आहे.

आता निदान. समजा, फोर-व्हील लावून चिखलात पूर्ण वळण घेताना स्टेअरिंगला लयबद्ध ठोके बसतात. आत साधा क्रॉस असेल तर तो रोग नव्हे, तो हूकचा सांधा स्वभावाप्रमाणे वागतोय. गोळ्यांचा सांधा असेल तर मात्र तेच ठोके झिजेची खूण. सारखंच लक्षण, निकाल उलटा. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. आत काय आहे हे न बघता सांधा बदलायला सांगणारा माणूस तुमच्या पैशाने शिकतोय एवढं समजा.

दुसरा फसवा प्रकार. डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळताना गाडी आखडते, काहीतरी ‘अडकलंय’ असं वाटतं. या जीपला पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, आणि कडक रस्त्यावर टायर घसरून तो फरक भरून काढू शकत नाही. टू-व्हीलला घ्या, आखडणं गेलं तर तक्रार संपली.

खऱ्या दुखण्यांसाठी गौतमाच्या सूत्रातलं ‘शेषवत्’ अनुमान उपयोगी पडतं. वात्स्यायनाने त्याचे दोन अर्थ दिलेत: नदीचा पूर बघून वर पाऊस झाला असं ओळखणं, आणि एकेक शक्यता गाळत उरेल ती धरणं. आपल्याला दोन्ही लागतील. मागच्या चाकांना अडसर लावा, गाडी पुढून उचला आणि ॲक्सल पक्क्या स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं, तर दोन संशयित: चाकाची बेरिंगं किंवा किंगपिनची. एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने ड्रम आणि नकल एक होतात, त्यामुळे प्ले गेला तर चाकाचं बेरिंग. राहिला तर किंगपिन. किती सोपं! आणि तरी गॅरेजमध्ये हे करताना आम्ही फार थोड्यांना पाहिलंय. मग चाक डावी-उजवीकडून हलवा. इथे ढिलाई असेल तर टायरॉडचे एंड बघा, आणि जुन्या विलीज पद्धतीची गाडी असेल तर मधला बेलक्रँक. त्याची पिन झिजते आणि दोष मात्र स्टेअरिंग बॉक्सवर येतो.

आता चाकामागचा तो गोल चेंडू बघा, ज्यात सांधा दडलेला असतो. त्यातून घट्ट ग्रीस थोडंसं पाझरत असेल तर बाहेरचं सील गेलंय. ते थांबू शकतं. पातळ, गंधकासारखा वास मारणारं तेल येत असेल, तर आतलं सील फुटून डिफरन्शियलचं तेल इकडे येतंय, आणि तिकडची पातळी उतरतेय. हे थांबवून ठेवू नका.

थरथरीबद्दल थोडं. हल्ली स्टेअरिंगला डँपर लावून ती दाबायची पद्धत पडली आहे. ताप उतरवून रोग बरा झाला म्हणण्यातलाच हा प्रकार. टायरचा बॅलन्स, पाट्यांचे शॅकल, टायरॉड हे सगळं गाळून झालं की बहुधा किंगपिनच उरतो. त्याचा ताण शिमच्या पातळ चकत्यांनी ठरतो; एखादी काढली की ढिलाई जाते. पण काढण्याआधी टायरॉड सोडा, चेंडूचं सील सैल करा आणि नकल हाताने सावकाश डावी-उजवी फिरवा. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, त्यामुळे किंगपिनच्या बेरिंगला नेमके सरळ स्थितीतच खड्डे पडतात. मध्यावर आल्यावर नकल हलकेच खाचेत बसल्यासारखी वाटली, तर शिमला हात लावू नका. बेरिंग आणि त्याचा कप, दोन्ही नवे घाला.