भिंतीची साक्ष

चित्रात दगड रंगवणे वेगळे आणि चित्राचाच दगड करणे वेगळे. आंतोनी तापिएस (१९२३–२०१२) यांनी १९५०च्या दशकात बार्सेलोनात दुसरा मार्ग धरला. रंगात संगमरवराची भुकटी नि वाळू कालवून त्यांनी कॅन्व्हासवर जाड थर चढवले. मग ते खरवडले, कोरले. कातालान भाषेत 'तापिया' म्हणजे भिंत. पण ही केवळ आडनावावरची कोटी नव्हे. १९३९मध्ये यादवी युद्ध संपले आणि फ्रँकोच्या राजवटीने कातालान भाषेला सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार केले. मुस्कटदाबी झालेल्या त्या शहरात आघातांच्या खुणा जपल्या त्या भिंतींनी. या चित्रांना आपण निव्वळ 'अमूर्त' म्हणतो तेव्हा ती साक्षच पुसून टाकतो, असे आम्हांला वाटते.