लेख मराठीत, निवाडा भाषांतरावर

१९०८ सालचा टिळकांचा खटला आपल्या स्मरणात आहे तो बहुधा शिक्षेपूर्वीच्या त्यांच्या उद्गारांमुळे. ते उद्गार मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र या खटल्याकडे वेगळ्या कारणासाठी पाहावे. तेथे मराठी गद्याचा अर्थ ठरवला जात होता, आणि तो ठरवणाऱ्यांना मराठी येत नव्हते.

‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील लेख ज्यूरीपुढे आले ते सरकारी इंग्रजी भाषांतरातून. खटल्यासाठी सरकारने खास ज्यूरी मागितली. अशा ज्यूरीत युरोपियनांचा भरणा होईल व त्यांना मूळ लेख वाचता येणार नाहीत, म्हणून बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी टिळकांच्या वतीने तिला विरोध केला. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. (हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! माणूस तोच, आसन तेवढे बदलले.) ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी बसले आणि निर्णयही सात विरुद्ध दोन असाच लागला. शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची. १८९७ च्या खटल्यात सहा युरोपियन व तीन हिंदी ज्यूरर होते. तेथेही निकाल सहा विरुद्ध तीन.

न्यायासनासमोरच्या पक्षपाताची जाणीव त्या काळच्या कायद्याला नव्हती, असे म्हणता येत नाही. इल्बर्ट विधेयकावरून गोऱ्यांनी उठवलेल्या काहुरानंतर १८८४ साली जी तडजोड झाली, तिने युरोपियन आरोपीला निम्मी ज्यूरी युरोपियन वा अमेरिकन मागण्याचा हक्क दिला. म्हणजे न्याय करणारा परका असला की तो पूर्वग्रहाने पाहील, ही भीती सरकारने अधिकृतपणे मान्य केली होती. मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांना मात्र या शहाणपणाचा लाभ झाला नाही.

टिळकांनी स्वतःच बचाव केला. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या त्या भाषणाचा बराच भाग भाषांतराच्या चिकित्सेत गेला आहे. राजकीय चर्चेसाठी मराठी अजून घडते आहे, इंग्रजी संकल्पनांसाठी तिला शब्द शोधावे लागतात, आणि तेच शब्द पुन्हा इंग्रजीत नेताना अधिक जहाल होतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या विद्यापीठांत अनुवादमीमांसा शिकवताना हे भाषण क्वचितच समोर ठेवले जाते, याचे नवल वाटते.

१९१६ साली टिळकांच्या बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. उच्च न्यायालयात जिनांनी बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी सुट्या वाक्यांवर न थांबता भाषणे समग्र वाचली आणि हुकूम रद्द केला.

ज्यूरी आता इतिहासजमा आहे. महाराष्ट्राच्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगावी, असे कायदा सांगतो. पण डोळखांबकडचा ठाकर किंवा कातकरी शहापूरच्या न्यायालयात उभा राहतो, तेव्हा कागदोपत्री त्याची भाषाही मराठीच. ‘फिर्याद’, ‘मुचलका’, ‘उलटतपासणी’ हे शब्द त्याच्या बोलीत कोणी सांगायचे? तेथे दुभाष्याची आठवण कोणाला व्हावी?