आयएसएसएन क्रमांक आहे म्हणजे नियतकालिक खरं असतं का?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो. शोधनिबंध पाठवा, तीन दिवसांत छापून मिळेल, सोबत प्रमाणपत्र. खाली ठळक अक्षरांत ‘आयएसएसएन’, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, ‘यूजीसी मान्यताप्राप्त’. पीएचडीची मुदत जवळ आलेली असली की मोह होतोच. पण असा निबंध कुणी तपासलेलाच नसतो, आणि उद्या दुसरा विद्यार्थी तोच संदर्भ म्हणून आपल्या प्रबंधात घेतो.

यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबणं किती महागात पडतं, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या यादीनेच दाखवून दिलं. विद्यापीठांच्या शिफारशीने या यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ पुण्यातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. सुमारे ३४.५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावं अशी प्राथमिक माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्के नियतकालिकांत खोटे क्रमांक, खोटे दावे किंवा यथातथाच पात्रतेचे संपादक आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली. पुढे २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. त्यामुळे आता तपासण्याचं काम संस्थेवर आणि खुद्द संशोधकावर आलं आहे.

आयएसएसएन हा फक्त आठ अंकी ओळख क्रमांक आहे. गाडीच्या नंबर प्लेटवरून चालक कसा आहे हे कळत नाही, तसंच हे. तरी आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर तो टाकून पाहावा. कधीकधी तो भलत्याच नियतकालिकाचा निघतो. इम्पॅक्ट फॅक्टर ‘क्लॅरिव्हेट’ ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. मिळत्याजुळत्या नावाचे आकडे विकणारे बरेच आहेत.

संपादक मंडळाची यादी पाहणं सर्वांत उपयोगी. पोलंडमधील संशोधकांनी ‘अ‍ॅना ओ. शुस्ट’ नावाची काल्पनिक प्राध्यापिका उभी केली आणि तिच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. ४८ ठिकाणी तिची नेमणूक झाली! हे प्रकरण २०१७ मध्ये ‘नेचर’ने छापलं. पोलिश भाषेत ‘ओशुस्ट’ म्हणजे लबाड माणूस, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून यादीतल्या दोनतीन संपादकांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधावीत. तिथे या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, ते पाहावं.

नियतकालिक नामांकित असलं तरी काम संपत नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला होता. अभ्यास फक्त १२ मुलांचा. ‘लॅन्सेट’ने तो पूर्णपणे मागे घेतला २०१० मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी. आज ‘पबमेड’वर त्या निबंधाच्या शीर्षकाआधीच तो मागे घेतल्याची खूण दिसते. ग्रुपवर आलेल्या जुन्या पीडीएफवर ती नसते. त्यामुळे हाती आलेल्या निबंधाचं शीर्षक मूळ नियतकालिकाच्या संकेतस्थळावर, नाहीतर ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मोफत डेटाबेसमध्ये एकदा शोधावं. दोन मिनिटांचं काम आहे.