मावळातील भिक्षुनिवास : शिलालेखांतील शब्दांच्या साक्षीने

कार्ल्यास जाणारा अभ्यासक चैत्यगृह पाहून परततो. सुमारे १२४ फूट लांबीचे ते भव्य दालन पाहिल्यावर शेजारच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरावेसे वाटू नये, हे स्वाभाविक होय. परंतु १९०९ साली संरक्षित म्हणून घोषित झालेले हे स्थान मुळात निवासस्थान होते, आणि तसे त्याचे नावच सांगते. शिलालेखांतील ‘लेण’ हा शब्द संस्कृत ‘लयन’ यापासून आला. त्याचा अर्थ आश्रयाची जागा. अलंकारवाचक ‘लेणे’ हा शब्द निराळा. दोहोंची गल्लत झाल्यामुळेच की काय, आपण लेण्यांकडे डोंगराचे दागिने म्हणून पाहू लागलो!

वर्षाकाळी भिक्षूंनी भ्रमण थांबवावे हा नियम मगधातला. वडिवळे परिसरात ज्याने आषाढ-श्रावण काढले असतील त्याला तो सह्याद्रीत कातळात का कोरला गेला, हे समजावून सांगावयास नको. कार्ल्याच्या लेखात नहपानाचा जामात उषवदात ‘वलूरक’ येथील लेणवासी प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव देतो, तो तेथे वर्षावास करणाऱ्या सर्वांसाठी. पुढील सातवाहन राजाज्ञेत हेच दान ‘मामाल’ आहारातील करजक गाव म्हणून येते. मामालचे मावळ होणे मराठीच्या नियमास धरूनच आहे : ग्रामचे गाव, नामचे नाव, तसेच हे. सूर्य मावळतो ती दिशा म्हणून मावळ, ही लोकव्युत्पत्ती त्यामुळे सोडून द्यावी लागते. नाणे मावळातील करंजगावाचे नाव करजकाशी जुळते खरे. पण नामसाम्य म्हणजे पुरावा नव्हे.

निवासाच्या रचनेचे शब्दही लेखांत आहेत. पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षी हरफरण नावाच्या उपासकाने कार्ल्यास महासांघिकांना ‘नवगभ’ मंडप दिला. गभ म्हणजे निजावयाची खोली. मध्ये मंडप, भोवती नऊ खोल्या. आज गाभारा देवाचा झाला आहे. नाशिकच्या लेखांत नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने दिलेला ‘ओवरक’ही असाच भिक्षूची खोली होता, तोच शब्द ओवरी होऊन देवळाच्या आवारात टिकला. भाज्याच्या विहारात जाळीदार गवाक्षांतून उजेड व वारा येतो, झड मात्र अडते. खोल्यांतील दगडी ओटे हेच शयन. आठ महिन्यांच्या कोरड्या ऋतूसाठी कातळात टाक्या खोदल्या. भाज्याची एक ‘पोढी’ महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचे दान आहे. बेडसे येथील विहार अधिक विलक्षण : भिक्षूंच्या खोल्या असूनही चैत्यासारखे अर्धवर्तुळाकार टोक आणि कमानदार छत.

घर कायमचे झाले की खर्चही कायमचा होतो. नाशिक येथे उषवदाताने कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे २४० होतात, म्हणजे वर्षावासी २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. ही अक्षयनीवी, मुद्दल न मोडण्याची. भिक्षा मागणाऱ्यांचा संघ अशा रीतीने व्याजाचा व गावाच्या उत्पन्नाचा धनी झाला.

बेडसे येथील एका लहान स्तूपावरचा लेख या संदर्भात वाचावा. मारकुडवासी स्थविर गोभूतीचा तो स्तूप त्याच्या अंतेवासीने करविला. गुरूला त्याने दोन विशेषणे लाविली आहेत : आरण्यक आणि पिंडपातिक. जवळच कोरीव विहार असता शिष्याने नोंदविले ते गुरूचे रानातील राहणे आणि भिक्षेचे अन्न.