गर्भाशयाला टाका घालावा की नाही?

घरात कुणाचे सिझेरियन झाले की "टाके कधी काढणार?" अशी चौकशी हमखास होते. ते टाके पोटाच्या कातडीचे. आत गर्भाशयालाही टाके असतात, ते विरघळून जातात. पण १८८२ पर्यंत बहुतेक शल्यवैद्य हे आतले टाके घालतच नसत! पोट शिवायचे, गर्भाशय उघडेच सोडायचे.

हा निव्वळ अडाणीपणा होता का? तसे म्हणता येणार नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाते. वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. तरीही बाळंतीण वाचते; कारण गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे जाळीसारखे गुंतलेले असतात आणि वाहिन्या त्या जाळीतून जातात. स्नायू आकसला की, नाडा ओढल्यावर पिशवीचे तोंड आवळावे, तशा त्या आवळल्या जातात. जो अवयव आपले रक्त आपणच थांबवतो त्याला टाका कशाला, असा तो विचार. शिवाय त्या काळी टाके नंतर ओढून काढावे लागत. पोटाच्या आतले कसे काढणार?

निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष चुकला. वारेच्या जागेला जे लागू होते ते सुरीच्या छेदाला लागू नव्हते. गर्भाशय मधूनमधून सैलही पडते. मग छेदाच्या कडा फाकतात आणि रक्त व जंतू पोटात उतरतात. बहुतेक स्त्रिया यातच दगावत.

१८७६ मध्ये इटलीतील पाविया येथे एदुआर्दो पोर्रो यांनी यावर जालीम उपाय केला. मुडदुसामुळे कटी आक्रसलेल्या एका २५ वर्षांच्या स्त्रीचे मूल बाहेर काढल्यावर त्यांनी गर्भाशयच कापून टाकले. आई आणि मूल दोघेही वाचले. पण त्या स्त्रीला पुन्हा मूल होणे नव्हते.

सहा वर्षांनी लाइप्झिगच्या मॅक्स झेंगर यांनी जुन्या शस्त्रक्रियांच्या नोंदी चाळून एक ग्रंथ लिहिला. तेव्हा ते तिशीचेही नव्हते. अमेरिकेत दूरच्या वस्त्यांतील काही डॉक्टरांनी चांदीच्या तारेने गर्भाशय शिवले होते, हे त्यांनी हेरले. चांदीची तार आत राहिली तरी जखम सहसा चिघळत नसे. झेंगर यांनी चांदी आणि रेशीम वापरून छेद नीट शिवण्याचा आग्रह धरला. (ही तार नावारूपाला आणली मॅरियन सिम्स यांनी, १८४९ मध्ये अलाबामात, गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करून. हेही आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे.)

पण छेद उत्तम शिवला तरी गर्भाशय आकसलेच नाही तर? मग वारेच्या जागेतून रक्त वाहतच राहते. १९९७ मध्ये क्रिस्टोफर बी-लिंच यांनी यासाठी एक टाका प्रसिद्ध केला. आधी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून पाहायचे. रक्त थांबले तर पँटच्या गॅलिसप्रमाणे गर्भाशयावरून धागा घेऊन ते तसेच आवळून ठेवायचे. स्नायूचे काम धाग्याकडून!

छेद एका थरात शिवावा की दोन, हा वाद मात्र बरीच वर्षे चालला. भारतासह सात देशांतील सुमारे १६,००० स्त्रियांवर झालेल्या 'कोरोनिस' चाचणीत, २०१३ मध्ये, पहिल्या सहा आठवड्यांपुरता दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तीन वर्षांच्या पाठपुराव्यातही तेच दिसले.