आयांना आठवत होतं

एक्स-रेला आपण नुसतं 'फोटो' म्हणतो. जर्मनीत राँटजेन यांना हे किरण १८९५ च्या नोव्हेंबरात सापडले आणि डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली. मग गोळी लागलेले, हाड मोडलेले लोक या यंत्राखाली येऊ लागले. पहिल्या महायुद्धात तर मेरी क्युरी यांनी एक्स-रेच्या गाड्याच रणभूमीजवळ नेल्या.

हे किरण जास्त झाले तर कातडी भाजते, कर्करोगही होतो. यंत्र चालवणाऱ्यांच्या हातांवरून ते लवकरच कळलं. पेशंटचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, हे बघायला गरोदर बाईच्या पोटाचाही फोटो काढत.

इंग्लंडच्या डॉक्टर अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी मग आयांनाच विचारायचं ठरवलं. कर्करोगानं लेकरू गेलेल्या आया आणि धडधाकट लेकरांच्या आया, दोघींना तेच प्रश्न. पोटुशी असताना पोटाचा फोटो काढलेल्या आयांच्या लेकरांत हा आजार जवळपास दुप्पट निघाला. १९५६ साली त्यांनी हे छापलं, तर आयांच्या आठवणीवर भरवसा कसा ठेवायचा, असा आक्षेप आला! १९६२ साली अमेरिकेत दवाखान्याच्या कागदांवरून तपासलं, तिथंही धोका वाढलेलाच दिसला.

१९७१ साली लंडनमध्ये माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला. पोटाच्या एका सीटीत छातीच्या शंभर फोटोंइतके किंवा त्याहून जास्त किरण लागतात. तरी अपघातात डोक्याला मार लागला आणि डॉक्टरांनी सीटी सांगितला, तर नाही म्हणू नका. आत रक्त साचत असेल तर तेव्हा एकेक तास मोलाचा असतो, आणि एका सीटीचा धोका त्यापुढं फार लहान आहे. किरण अंगात साठूनही राहत नाहीत.

आम्हाला खटकतं ते विनाकारण दुसऱ्यांदा काढणं. किनवटहून पेशंट नांदेडला किंवा आदिलाबादला न्यायचा, घाईत फिल्म घरीच राहते, आणि तिथं पुन्हा मशीनखाली. यंत्रांवर देखरेख ठेवायला १९८३ पासून मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. यंत्र चालवणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो, त्याला किती किरण लागले ते मोजणारा. पेशंटला तसा बिल्ला नसतो. म्हणून फिल्म, सीडी, रिपोर्ट रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा. आणि पाळी चुकली असेल तर मशीनखाली जाण्याआधी सांगा, सोबत सासरा असो की दीर.